जिल्ह्यातील रोजगार व प्रशिक्षण मार्गदर्शकाचे काम नेमके काय असते?

घाटंजी तालुक्यातील, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या एका तरुणीने विचारले आहे की, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात किंवा त्याच्याशी जोडलेल्या एखाद्या शासकीय प्रशिक्षण कार्यक्रमात काम करण्याची संधी समोर आली आहे. या पदावरच्या व्यक्तीने नेमके काय करायचे असते, नोंदणी आणि मेळावे यांपलीकडे त्यात काही असते का, आणि खेड्यातल्या मुलामुलींना त्याचा खरोखर उपयोग होतो का? मी या क्षेत्रात दीर्घकाळ, आणि तेही बहुतांशी यवतमाळ, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत, काम केले असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

ज्याला काम हवे आहे तो उमेदवार आणि ज्याला माणूस हवा आहे तो मालक, या दोघांनाही प्रत्यक्ष ओळखणारी एक जबाबदार व्यक्ती जिल्ह्यात असावी, म्हणून हे पद आहे. या कामाचे खरे माप माझ्या मते एकच आहे: आपण कामावर पाठवलेला मुलगा किंवा मुलगी तीन महिन्यांनंतरही तेथे टिकून आहे का, आणि नसेल तर का नाही. हे टिकणे बहुतेक वेळा प्रशिक्षण सुरू होण्याआधी झालेल्या बोलण्यात आणि नेमणुकीनंतर ठेवलेल्या पाठपुराव्यात ठरते. शासकीय अहवालाचे रकाने मात्र मुख्यतः यांच्या मधल्या भागाचे, म्हणजे नोंदणी, बॅच, हजेरी आणि प्रमाणपत्रे यांचे असतात. ते रकाने भरावेच लागतात. पण ते भरले म्हणजे काम झाले असे समजणारा माणूस या पदावर असेल, तर त्या जिल्ह्यातल्या तरुणांचे मोठे नुकसान होते.

या कार्यालयाविषयी लोकांच्या मनात जी प्रतिमा आहे ती जुन्या काळातली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतणाऱ्या जवानांना नागरी कामांत सामावून घेण्यासाठी १९४५ मध्ये रोजगार विनिमय कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना, तसेच २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त पदे या कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले. कार्यालयाने पाठवलेल्या उमेदवारालाच घेतले पाहिजे असे बंधन त्या कायद्यात कधीच नव्हते, तरी सरकारी भरतीसाठी कार्यालयाकडून नावांची यादी मागवण्याची पद्धत असल्यामुळे सेवायोजन कार्डाला, म्हणजे या कार्यालयातल्या नोंदणीच्या कार्डाला, मोठी किंमत होती, आणि दर तीन वर्षांनी कार्डाचे नूतनीकरण करण्यासाठी लोक तालुक्याहून एसटीने जिल्ह्याच्या गावी येत. भरती करताना वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितल्यानंतर कार्डाचे ते महत्त्व उतरले. कायद्याचा हा विषय आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, केंद्राचे राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल जुलै २०१५ पासून सुरू आहे, आणि राज्यात महास्वयम पोर्टलवर उमेदवार घरबसल्या मोबाईलवरून नोंदणी करतो. म्हणजे नोंदणी करून घेण्यासाठी आता माणसाची फारशी गरज उरलेली नाही. गरज आहे ती त्या नोंदणीमागचा माणूस समजून घेण्यासाठी.

म्हणून सुरुवात पहिल्या मुलाखतीपासून करतो. आपल्यासमोर येऊन बसणारा मुलगा बहुतेक वेळा म्हणतो, "काहीही चालते साहेब, काम पाहिजे." हे उत्तर लिहून घेऊन पुढच्याला बोलावणे सोपे असते, पण "काहीही चालते" म्हणणाऱ्याला खरे तर पुष्कळ गोष्टी चालणार नसतात, आणि त्या विचारल्याशिवाय तो सांगत नाही. घरी शेती किती आहे, ती ओलिताची की कोरडवाहू, डवरणीला आणि कापूस वेचणीला घरात दुसरे कोण आहे, वडिलांची तब्येत कशी आहे, घरावर कर्ज कोणाचे आहे, बहिणीचे लग्न ठरले आहे का, यापूर्वी तो गावाबाहेर कधी राहिला आहे का, मोटारसायकल चालवतो का, पंप बिघडला तर स्वतः उघडून पाहतो का, या प्रश्नांतून त्याच्याजवळ काय आहे आणि त्याला कोठपर्यंत जाता येईल हे दोन्ही कळते. बारावी नापास म्हणून ज्याची नोंद झालेली असते तो मुलगा गावातल्या सगळ्या मोटारी दुरुस्त करणारा निघतो, आणि त्याचे हे कौशल्य महास्वयमच्या कोणत्याही रकान्यात आपोआप येत नाही. पूर्वीच्या शिक्षणाची आणि अनुभवाची तपासणी करून अशा उमेदवाराला प्रमाणपत्र देण्याची सोय शासकीय कौशल्य योजनांत आहे. तिचा उपयोग करून घेणे हे आपले काम आहे.

प्रकृतीचा विषय या मुलाखतीत टाळू नये. विदर्भात, विशेषतः पूर्व विदर्भात आणि आदिवासी व अनुसूचित जातींच्या अनेक समाजांत, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. जो केवळ वाहक आहे त्याला नेहमीच्या कामात सहसा अडचण येत नाही. पण जो प्रत्यक्ष रुग्ण आहे त्याला भट्टीजवळची उष्णता, शरीरातले पाणी कमी होणे आणि अतिश्रम यांमुळे वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो. अशा मुलाला स्टील किंवा स्पंज आयर्नच्या कारखान्यात मदतनीस म्हणून पाठवणे म्हणजे त्याला आजारात ढकलणे होय. त्याच्यासाठी सावलीतले, पाणी जवळ असलेले, रात्रपाळी नसलेले काम शोधावे लागते. ही माहिती त्याने विश्वासाने दिलेली असते, त्यामुळे त्याच्या संमतीवाचून ती मालकाला कळता कामा नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे, हेही कित्येक कुटुंबांना ठाऊक नसते. ते सांगून त्यांना जिल्हा रुग्णालयाकडे तपासणीसाठी पाठवावे. वीजतंत्रीच्या प्रशिक्षणाला जाणाऱ्याची रंग ओळखण्याची तपासणीही आधीच करून घ्यावी, कारण सगळे शिकून झाल्यावर नेमणुकीच्या वैद्यकीय तपासणीत तो अपात्र ठरला तर तो सगळा काळ वाया जातो.

दुसरा मोठा गट स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींचा आहे, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून काळजी वाटते. विदर्भातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आज अभ्यासिका आहेत. पहाटे मैदानावर पोलीस भरतीचा सराव आणि दिवसभर पुस्तके, असा दिनक्रम वर्षानुवर्षे चालतो. त्यातल्या थोड्यांची निवड होते आणि ती आनंदाची गोष्ट आहे. राहिलेले अठ्ठावीस, तीस, बत्तीस वर्षांचे झाल्यावर आपल्याकडे येतात तेव्हा त्यांच्याजवळ पदवी असते, वाचन असते, शिस्त असते, पण कामाचा अनुभव शून्य असतो आणि गावात तोंड दाखवण्याचा संकोच असतो. त्यांना "आता हा नाद सोडा" असे सांगू नये. मी त्यांना अर्ज करणे थांबवा असे कधी म्हटले नाही; ठरावीक तारखेपर्यंत परीक्षा आणि त्यासोबत आजपासून अर्धवेळ काम, असा लेखी आराखडा त्यांच्याकडूनच करून घेतला. अशा उमेदवारांना लेखनिक, लेखापाल सहायक, ग्राहक सेवा केंद्र, सहकारी पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनीतील नोंदी ठेवणारा, खासगी शाळेतील कार्यालय सहायक अशी कामे चांगली जमतात, कारण मराठी शुद्ध लिहिणे, शासन निर्णय वाचून समजणे आणि आकडेमोड या तिन्ही गोष्टी त्यांनी परीक्षेसाठी केलेल्या असतात. आपण हे त्यांच्या लक्षात आणून दिले की त्यांचा धीर परत येतो. वयोमर्यादा संपल्यानंतर हे बोलणे फार उशिराचे ठरते, म्हणून अभ्यासिकेत स्वतः जाऊन बसण्याची सवय ठेवावी.

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तिच्यात बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. मुदत आधी सहा महिने होती आणि नंतर ती वाढवण्यात आली. ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र, शाळा अशा ठिकाणी रुजू झालेल्या अनेकांनी हीच आपली नोकरी आहे असे मानले, आणि मुदत संपल्यावर कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलने झाली. त्या मुलांचे दुःख खरे होते. म्हणून माझे मत असे आहे की, रुजू होण्याच्या दिवशीच प्रत्येकाला शेवटची तारीख कागदावर लिहून द्यावी, आणि त्या तारखेनंतर काय करायचे याचे बोलणे दुसऱ्याच महिन्यात सुरू करावे.

आता मालकाची बाजू. जो मार्गदर्शक एमआयडीसीत फिरत नाही त्याने उमेदवाराला सल्ला देऊ नये. यवतमाळच्या लोहारा वसाहतीत कापडनिर्मिती आहे, अमरावतीजवळ नांदगाव पेठेला वस्त्रोद्योग आहे, वणी आणि चंद्रपूरकडे कोळसा, गडचांदूर व आवारपूरकडे सिमेंट, बल्लारपूरला कागद, गोंदिया व भंडाऱ्याकडे भातगिरण्या, आणि नागपूरजवळ बुटीबोरी, हिंगणा व मिहान. या प्रत्येक ठिकाणी कामाची पाळी, ठेकेदारीचे प्रमाण आणि कौशल्याची मागणी वेगळी असते. जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम कापूस बाजारात येऊ लागला की सुरू होतो आणि उन्हाळा लागता लागता संपतो. तेथे कुशल फिटर आणि वीजतंत्री यांना चांगली मागणी असते, पण उरलेल्या महिन्यांत त्यांना दुसरे काय मिळेल हे आपण आधी पाहायला हवे. मालक फोनवर "दहा मुले पाठवा" एवढेच सांगतो. आपण जाऊन पाहायचे असते ते पाळी किती तासांची आहे, नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, शेवटची बस किती वाजता आहे, जेवणाची सोय आहे का, प्यायचे पाणी कोठे आहे, महिलांसाठी स्वच्छतागृह आहे का, आणि यापूर्वीची माणसे सोडून का गेली. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण त्याचे उत्तर फार उपयोगी पडते. काही मालक ते मोकळेपणाने देतात आणि त्यांच्याशी पुढे चांगले संबंध राहतात.

पगाराविषयी स्पष्ट बोलणे हे तर या पदाचे पहिले कर्तव्य मानावे. मेळाव्यातल्या फलकावर १५,००० लिहिलेले असते आणि मुलगा घरी तोच आकडा सांगून निघतो. समजा त्यातले मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० आहेत. त्यावर १२ टक्के भविष्य निर्वाह निधी म्हणजे १,४४०, राज्य कामगार विम्याचे ०.७५ टक्के म्हणजे ११३, आणि पुरुष कर्मचाऱ्याचा व्यवसाय कर २०० एवढी कपात झाल्यावर हातात १३,२४७ येतात. त्यातून खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास वजा केल्यावर घरी पाठवायला किती उरतील, हे त्याच्यासमोर आणि शक्य असेल तर त्याच्या आईवडिलांसमोर कागदावर मांडून दाखवावे. कपातीचा प्रत्येक रुपया कोठे जातो, निधीची रक्कम त्याचीच कशी आहे, विम्यामुळे कुटुंबाला दवाखाना कसा मिळतो, हेही सांगावे. नाहीतर पहिली पगार चिठ्ठी पाहून ठेकेदाराने पैसे खाल्ले असे समजून मुलगा काम सोडतो. उलट, कपात होते पण खात्यात जमा होत नाही असेही काही ठिकाणी घडते, तेव्हा तक्रार कोठे करायची हे त्याला माहीत असले पाहिजे.

प्रशिक्षणाचा ट्रेड, म्हणजे शिकवायचा व्यवसाय, कोणता निवडायचा यावर मी थोडे परखड लिहितो. पुष्कळ गावांत शिवणकामाच्या बॅच घेतल्या जातात, कारण शिलाई मशीन आणणे सोपे असते, महिला लगेच जमतात आणि छायाचित्र चांगले येते. एका गावात तीस महिलांना शिवणकाम शिकवले आणि त्या गावात महिन्याला तीस ब्लाऊजही शिवायला येत नसतील, तर त्या प्रशिक्षणाने कोणाचे पोट भरणार? तेच शिवणकाम शालेय गणवेशाच्या कामाशी किंवा अमरावतीच्या वस्त्रोद्योगातील औद्योगिक मशीनशी जोडले तर त्याला अर्थ येतो. मात्र घरगुती मशीनवर शिकलेली महिला औद्योगिक मशीनच्या वेगावर एकदम बसू शकत नाही, म्हणून प्रशिक्षण त्याच मशीनवर व्हायला हवे. गावोगावी ज्यांची खरी कमतरता आहे ती कामे वेगळी आहेत: सौर कृषिपंपाची दुरुस्ती, ट्रॅक्टर व मळणीयंत्राची दुरुस्ती, ठिबक संचाची जोडणी, शीतगृह व फ्रिजची दुरुस्ती, रुग्णसेवा सहायक, नळ व प्लंबिंग. प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ ठिकाणी सुरू झाली, तेव्हा मोठ्या गावांपर्यंत प्रशिक्षण पोहोचण्याची चांगली सोय झाली. अशा केंद्रात कोणता ट्रेड चालवायचा हे ठरवण्यापूर्वी त्या परिसरातल्या कृषी केंद्रवाल्याला, ट्रॅक्टर विक्रेत्याला आणि खासगी दवाखान्याच्या डॉक्टरांना जाऊन विचारावे. ते दोन दिवसांचे काम आहे आणि त्यातून जे कळते ते कोणत्याही तयार सर्वेक्षणापेक्षा उपयोगी असते.

ट्रेडइतकेच महत्त्व महिन्याला आहे. पश्चिम विदर्भात जून-जुलैत पेरणी, मग डवरणी-निंदण, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सवंगणी आणि त्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते. या काळात बॅच लावली तर हजेरी पडत नाही, आणि मुलांना आस्था नाही असा शेरा अहवालात जातो. आस्था असते, पण घरचा कापूस झाडावर फुटलेला असताना त्यांनी वर्गात बसावे ही अपेक्षाच चुकीची असते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात जानेवारीच्या मध्यापासून पुढचा काळ सोयीचा पडतो. गडचिरोलीत आणि भाताच्या पट्ट्यात हिशोब निराळा आहे. तेथे रोवणी जुलै-ऑगस्टात असते, धान नोव्हेंबरपर्यंत कापून होतो, मार्चपासून मोह वेचायला लोक पहाटे रानात जातात आणि एप्रिल-मे तेंदूपत्त्याचा असतो, ज्यात एका कुटुंबाची बरीच रोख कमाई होते. तेथे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच खरा मोकळा काळ. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या वर जाते, तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारचे वर्ग ठेवूच नयेत. सकाळी सात ते बारा पुरेसे आहेत. निधी मार्चअखेर खर्ची पडावा म्हणून बॅचच्या तारखा मुंबईहून ठरून येतात हे मला माहीत आहे. तरीही आपल्या जिल्ह्याचे पीकवेळापत्रक लेखी कळवून तारखा बदलून मागता येतात, आणि कारण नीट मांडले तर त्या अनेकदा बदलूनही मिळतात.

कोणाला कोठे पाठवावे याविषयी माझे अनुभवाने बनलेले मत सांगतो. आयटीआय झालेल्या मुलासाठी शिकाऊ उमेदवारी, म्हणजे आस्थापनेत विद्यावेतन घेत प्रत्यक्ष काम शिकणे, हा सर्वांत भक्कम मार्ग आहे आणि विदर्भात तो पुरेसा वापरला जात नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील तरतुदींनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्र शासन थेट उमेदवाराच्या खात्यात जमा करते. लहान मालकांना ही प्रक्रिया किचकट वाटते. त्यांच्या कार्यालयात बसून शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवरची त्यांची नोंदणी पूर्ण करून दिली की पुढच्या वर्षी ते स्वतः उमेदवार मागतात. ज्याला गावातच राहून शेळीपालन, मोबाईल दुरुस्ती किंवा खाद्यप्रक्रियेचा व्यवसाय करायचा आहे त्याला अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत पाठवावे. ही निवासी आणि विनामूल्य पद्धत १९८२ मध्ये कर्नाटकातील उजिरे येथे सुरू झालेल्या प्रयोगातून देशभर आली, आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करणे हा तिचा भागच आहे, म्हणून ती मला विशेष आवडते. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार अशा पारंपरिक कारागिरांसाठी सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात १८ व्यवसाय, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज मिळते. मात्र गावातला खरा लोहार कागदपत्रांअभावी मागे राहतो आणि ज्याने कधी घण हातात घेतला नाही तो अर्जात पुढे असतो, असे होऊ नये म्हणून गावात जाऊन भट्टी पाहून यावी.

आदिवासी पट्ट्यात, म्हणजे मेळघाटात, झरी-जामणी व केळापूरच्या कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) किंवा भामरागडकडे, काम करताना आपल्या कल्पना थोड्या बाजूला ठेवाव्या लागतात. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल सांभाळण्याचा व त्यातली उपज घेण्याचा हक्क, मिळाला आणि नंतर तेथील ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. अशी व्यवस्था जेथे नीट चालते तेथे बांबू व तेंदूपत्त्याच्या उत्पन्नापुढे शहरातली दहा हजारांची नोकरी तरुणाला आकर्षक वाटत नाही, आणि त्याचा तो विचार रास्त आहे. त्याला चंद्रपूरजवळच्या चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची किंवा मेळघाटातील लवादा येथील बांबू केंद्राची वाट दाखवणे, ग्रामसभेचा हिशोब ठेवायला दोन मुलांना शिकवणे, हेही रोजगार मार्गदर्शनच आहे. कोरकू, कोलामी, गोंडी किंवा माडिया बोलणारा एक सहकारी सोबत असल्याशिवाय पहिली भेट घेऊ नये. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मिळणारा होकार बहुधा भिडेपोटी असतो.

मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. प्रशिक्षणात त्या मुलांपेक्षा नियमित असतात, परीक्षेत चांगले गुण मिळवतात, आणि नेमणुकीच्या वेळी यादीतून गळतात. कारण विचारले की "घरचे नाही म्हणतात" एवढेच नोंदले जाते. घरचे कशाला नाही म्हणतात हे घरी गेल्यावर कळते: वसतिगृहाला कुंपण आहे का, रात्री पाळीनंतर गाडी दारापर्यंत सोडते का, सोबत गावची दुसरी कोण आहे, पगार तिच्याच खात्यात येईल का, आणि लग्नाच्या स्थळांना काय सांगायचे. यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे देता येतात, पण ती तोंडी देऊन चालत नाही. माझा आग्रह असा की, नेमणुकीपूर्वी मुलीच्या आईला एकदा ते ठिकाण दाखवून आणावे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे हा प्रवास फारसा महागात पडत नाही. आईने खोली पाहिली, तेथल्या देखरेख करणाऱ्या बाईंशी बोलली, आणि गावी परतून तिने शेजारणीला सांगितले, की पुढच्या वर्षी त्या गावातून आणखी मुली निघतात. एकट्या मुलीला दूर पाठवण्यापेक्षा एका गावच्या किंवा एका बचत गटाच्या ओळखीतल्या तीन-चार जणींना एकत्र पाठवावे. त्यासाठी उमेद (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या गावपातळीवरच्या ताईंची मदत फार मोलाची ठरते.

नेमणुकीनंतरच्या पाठपुराव्यावर माझा सर्वांत अधिक भर आहे. पुण्याजवळच्या चाकण, रांजणगाव किंवा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज या औद्योगिक वसाहतींकडे गेलेला विदर्भातला मुलगा परत येतो तो बहुतेकदा पहिल्या दोन महिन्यांत. महिन्याच्या दहा-बारा तारखेला रुजू झालेल्याला पहिल्या महिन्याचा अपुरा पगार पुढच्या महिन्यात मिळतो, तोवर खोलीची अनामत, खानावळ आणि प्रवास यांत घरून आणलेले पैसे संपलेले असतात, आणि आणखी मागायला त्याला लाज वाटते. म्हणून निघतानाच किमान सव्वा महिन्याच्या खर्चाची व्यवस्था आहे का ते पाहावे, आणि नसेल तर रुजू होण्याची तारीख महिन्याच्या सुरुवातीची मागून घ्यावी. पहिला फोन तिसऱ्या दिवशी, दुसरा पहिल्या रविवारी आणि तिसरा पहिल्या पगाराच्या दिवशी करावा. या तीन वेळा माणूस जे बोलतो ते नंतर बोलत नाही. त्याच तालुक्यातली आधी गेलेली मुले ज्या खोलीत राहतात तेथे नव्याची सोय लागली तर अर्धी चिंता मिटते. पोळ्याला आणि वेचणीच्या दिवसांत घरी येण्याची ओढ असतेच. त्या सुट्टीविषयी मालकाशी आधीच बोलून ठेवले तर चार दिवसांसाठी गेलेला मुलगा कामावरून कमी होत नाही.

आणि तो परत आलाच, तर त्याला दोष देऊ नये. तो का परतला याची नोंद त्याच्या शब्दांत करावी, आणि एकाच ठेकेदाराकडून तिघे-चौघे एकाच कारणाने परतले असतील तर त्या ठेकेदाराची मागणी पुढे घेऊ नये, मग मेळाव्यातला रिक्त पदांचा आकडा कमी दिसला तरी चालेल. हे सोपे नाही. वरून उद्दिष्ट येते, मेळाव्याला लोकप्रतिनिधी येतात, जागेवरच नियुक्तिपत्रे वाटावीत अशी अपेक्षा असते. मी मेळाव्यांच्या विरोधात नाही. एका दिवसात शंभर मालकांशी ओळख व्हायला दुसरा मार्ग नाही. पण मेळाव्याच्या आधी पंधरा दिवस उमेदवारांना तयार करणे आणि नंतर तीन महिने त्यांची चौकशी करणे यांसाठी मनुष्यबळ व प्रवासखर्च मागत राहावा, आणि टिकलेल्यांची संख्या अहवालात रकाना नसला तरी वेगळ्या पानावर जोडावी. वरिष्ठांपैकी कोणी ना कोणी ते पान वाचतो, असा माझा अनुभव आहे.

फसवणुकीबद्दल थोडेच, पण स्पष्ट. नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे मागणारा कोणीही, मग तो गणवेशाचे, प्रशिक्षणाचे किंवा अनामतीचे म्हणून मागो, आपल्या कार्यालयाच्या दारात उभा राहता कामा नये. परदेशी कामाच्या आमिषाबाबत, १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असलेला भरती प्रतिनिधी आहे का हे तपासल्याखेरीज कोणीही पारपत्र किंवा पैसे देऊ नयेत, हे प्रत्येक सभेत सांगावे. शेत गहाण ठेवून अशा लोकांना पैसे दिलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

आपल्या मर्यादाही ओळखून असाव्यात. हा मार्गदर्शक कारखाने काढू शकत नाही, कोरडवाहू शेतीचे अर्थकारण बदलू शकत नाही, आणि जिल्ह्यात जेवढी कामे आहेत त्याहून अधिक कामे निर्माण करू शकत नाही. असलेल्या कामापर्यंत योग्य माणूस वेळेवर आणि तयारीनिशी पोहोचावा, त्याला तेथे मानाने राहता यावे, एवढे मात्र त्याच्या हातात असते. आणि ज्या घरात पहिला नियमित पगार येतो त्या घराच्या दृष्टीने ते थोडे नसते. समाजकार्याचे शिक्षण झालेल्या व्यक्तीला घरभेट, मुलाखत आणि नोंदी या तिन्हींची सवय असते, त्यामुळे आपण या कामाला योग्य आहात असे मला वाटते. आपल्याला नव्याने शिकावे लागेल ते कारखान्याचे जग: पगार चिठ्ठी वाचणे, ट्रेडची नावे व त्यातली प्रत्यक्ष कामे, कामगार कायद्यांची तोंडओळख, आणि मालकाशी आर्जव न करता, बरोबरीच्या नात्याने बोलणे.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात गेल्या वर्षी प्रशिक्षण पूर्ण केलेल्या कोणत्याही एका बॅचची यादी कार्यालयाकडून मागून घ्या आणि त्यातल्या प्रत्येकाला फोन करून तो आज कोठे आहे, काय करतो, शिकलेले उपयोगी पडले का, हे विचारा. काही क्रमांक बंद लागतील. त्यांच्या गावी पुढच्या दौऱ्यात जाऊन या. कोणता ट्रेड चालू ठेवायचा, कोणत्या प्रशिक्षण संस्थेला पुन्हा बॅच द्यायची शिफारस करायची आणि कोणत्या मालकाकडे आधी जायचे, हे सुरुवातीचे निर्णय त्या उत्तरांवरून घ्या.